डिजिटल तापमान सेन्सर किती खरे सांगतो आणि किती लवकर सांगतो: स्वतः तपासण्याची पद्धत

पाच डिजिटल तापमान सेन्सर एकाच टेबलावर ओळीने मांडून मी पहिल्यांदा त्यांची वाचने घेतली, तेव्हा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांत जवळपास दीड अंशाचा फरक दिसला. मी आधी सेन्सरना दोष दिला, मग कोडला दिला, आणि दोन संध्याकाळी त्यात घालवल्यावर लक्षात आले की जास्त आकडा दाखवणारे दोन सेन्सर बोर्डावरच्या व्होल्टेज रेग्युलेटरला (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या, चालताना तापणाऱ्या भागाला) जवळजवळ टेकलेले होते. ते दोघे आपापल्या जागेचे तापमान बरोबरच सांगत होते. माझी मांडणी चुकली होती. तापमान सेन्सर हवेचे, पाण्याचे किंवा खोलीचे तापमान सांगत नाही, तो फक्त स्वतःचे तापमान सांगतो. अचूकतेच्या चाचणीत आपल्याला एवढेच करायचे असते की सेन्सरचे स्वतःचे तापमान आपल्याला माहीत असलेल्या तापमानाशी खरोखर जुळेल अशी परिस्थिती निर्माण करायची. वेगाच्या चाचणीत ते जुळायला किती वेळ लागतो हे मोजायचे असते. पुढची सगळी पथ्ये या एका गोष्टीतून निघतात.

हा लेख मायक्रोकंट्रोलरला (कोड चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपला) जोडलेल्या नेहमीच्या डिजिटल सेन्सरविषयी आहे: डीएस१८बी२०, एसएचटी३१, बीएमई२८०, टीएमपी११७, डीएचटी२२ आणि त्यांच्यासारखे इतर. यापुढे नुसते 'अंश' म्हटले की अंश सेल्सिअस समजावे.

१. आधी प्रश्न नेमका करा

'माझा सेन्सर चांगला आहे का?' या प्रश्नाचे उत्तर कोणतीही चाचणी देऊ शकत नाही, कारण त्यात चार वेगळे प्रश्न मिसळलेले असतात. दाखवलेला आकडा खऱ्या तापमानापासून किती दूर आहे, ही अचूकता. त्याच तापमानाला पुन्हा पुन्हा मोजल्यावर आकडे एकमेकांच्या किती जवळ येतात, ही पुनरावृत्तिक्षमता. दोन लगतच्या आकड्यांमधली सर्वांत लहान पायरी केवढी, हे रिझोल्यूशन. तापमान बदलल्यावर आकडा किती वेळाने बदलतो, हा वेग.

नवख्यांची सर्वाधिक फसगत रिझोल्यूशनच्या बाबतीत होते. डीएस१८बी२० बारा बिटांवर, म्हणजे त्याच्या सर्वांत बारीक पायरीच्या सेटिंगवर, चालवला की ०.०६२५ अंशाच्या पायऱ्या दाखवतो आणि पडद्यावर दशांशानंतरचे चार आकडे उमटतात. पण त्याच्या उत्पादकाने दिलेली अचूकतेची हमी उणे १० ते ८५ अंशांच्या पट्ट्यात ±०.५ अंश एवढीच आहे. म्हणजे शेवटचे आकडे बारीकसारीक बदल ओळखायला उपयोगी आहेत, खरे तापमान सांगायला नाहीत.

चाचणी सुरू करण्यापूर्वी एका ओळीत लिहून ठेवा: मला कोणत्या तापमानाच्या पट्ट्यात, कोणत्या माध्यमात, किती अंशांपर्यंत खात्री हवी आहे आणि बदल किती सेकंदांत कळायला हवा आहे. हे लिहिलेले नसले तर चाचणी कुठे थांबवायची हे कधीच कळत नाही.

२. डेटाशीटमधील नेमक्या जागा वाचा

डेटाशीट, म्हणजे उत्पादकाचे तांत्रिक माहितीपत्रक, पूर्ण वाचण्याची गरज नाही, पण अचूकतेचा तक्ता आणि त्याखालच्या तळटीपा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिथे दिलेला आकडा 'टिपिकल' आहे की 'मॅक्झिमम', हे आधी पाहा. टिपिकल आकडा बहुतांश नगांचे वर्तन सांगतो, मॅक्झिमम आकडा हमी देतो. जाहिरातीत नेहमी पहिला छापला जातो.

त्यानंतर तो आकडा कोणत्या पट्ट्यासाठी आहे ते पाहा. टीएमपी११७ ची ±०.१ अंशाची कमाल मर्यादा उणे २० ते ५० अंशांपुरती आहे, त्याबाहेर ती सैल होते. डीएस१८बी२० उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत चालतो, पण त्या पूर्ण पट्ट्यात त्याची हमी ±२ अंशांची आहे. डीएचटी११ ची मर्यादा मुळातच ±२ अंश असल्याने त्याच्यावर सूक्ष्म चाचणीचे कष्ट घेणे व्यर्थ आहे. बीएमई२८० मधला तापमान सेन्सर प्रामुख्याने त्याच चिपमधल्या दाब आणि आर्द्रतेच्या मापनाची दुरुस्ती करण्यासाठी बसवलेला असतो, त्यामुळे तो हवेपेक्षा थोडा जास्त आकडा दाखवत असेल तर त्यात नवल नाही. चिपची आणि बोर्डाची उष्णताच तो मोजत असतो.

तिसरी ओळ रूपांतराला, म्हणजे मोजलेले तापमान आकड्यात बदलायला, लागणाऱ्या वेळेची. डीएस१८बी२० ला ९, १०, ११ आणि १२ बिटांसाठी अनुक्रमे जास्तीत जास्त ९३.७५, १८७.५, ३७५ आणि ७५० मिलिसेकंद लागतात. वेगाच्या चाचणीत हे आकडे पुन्हा लागतील.

३. साहित्य आणि कागदपत्रे जमवा

• रुंद तोंडाचा थर्मॉस, शक्यतो एक लिटर किंवा मोठा.
• डिस्टिल्ड पाणी आणि त्याच पाण्याचा बर्फ. बर्फ बारीक फोडण्याची सोय.
• चार-पाच लिटर पाणी मावेल असे, बाहेरून जाड कापडाने किंवा थर्माकोलने गुंडाळलेले भांडे आणि ढवळण्याचे साधन. मत्स्यालयातला छोटा पंप ढवळण्यासाठी उत्तम चालतो.
• संदर्भ तापमापक, आणि त्याचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र.
• मायक्रोकंट्रोलर, वेळेसह नोंद फाइलमध्ये उतरवणारा कोड, रबरबँड, पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या किंवा काचेची परीक्षानळी.
• वही. फाइल असली तरी वही हवीच. का, ते शेवटच्या पायरीत सांगतो.

संदर्भ तापमापकाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. सर्वसाधारण नियम असा की संदर्भाची चूक तपासायच्या मर्यादेच्या एक चतुर्थांशाहून अधिक नसावी. ±०.५ अंशाचा सेन्सर तपासायला ±०.१ अंशाच्या आसपासचा संदर्भ पुरतो. टीएमपी११७ तपासायला मात्र तो मुळीच पुरत नाही. प्रमाणपत्रावर चार गोष्टी शोधा: कोणत्या तापमानांना तपासले, प्रत्येक ठिकाणी किती दुरुस्ती करायची, अनिश्चितता किती, आणि तारीख कोणती. प्रयोगशाळा आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकानुसार मान्यताप्राप्त असेल तर त्या अनिश्चिततेवर भरवसा ठेवता येतो. 'फॅक्टरी टेस्टेड' एवढाच शिक्का असलेल्या आणि एकही आकडा नसलेल्या कागदाला प्रमाणपत्र समजू नका.

संदर्भ म्हणून प्लॅटिनमचा पीटी१०० (प्लॅटिनमच्या विद्युत रोधावरून तापमान मोजणारा सेन्सर) वापरणार असाल तर त्याचा वर्ग पाहा. अ वर्गाची मर्यादा ०.१५ अंश अधिक तापमानाच्या ०.००२ पट अशी आहे, म्हणजे शून्य अंशाला ±०.१५ आणि १०० अंशांना ±०.३५. हा आकडा केवळ प्लॅटिनमच्या तुकड्याचा आहे, त्यापुढच्या इलेक्ट्रॉनिक्सची चूक त्यात वेगळी मिळवावी लागते.

घरात असलेला तापाचा डिजिटल थर्मामीटर हाही मर्यादित उपयोगाचा संदर्भ आहे, कारण ३७ ते ३९ अंशांच्या अरुंद पट्ट्यात त्याची चूक सहसा ±०.१ अंशाच्या आत ठेवलेली असते. पण तो पोहोचलेला कमाल आकडा धरून ठेवतो, म्हणून थंड होत चाललेल्या पाण्यात त्याचा आकडा जुना राहतो. शिवाय काही थर्मामीटर पहिल्या काही सेकंदांच्या चढावरून शेवटच्या आकड्याचा अंदाज बांधतात. तो अंदाज शरीरासाठी बसवलेला असतो, पाण्यासाठी नाही. असे थर्मामीटर या कामाला वापरू नयेत.

४. जोडणी आणि कोड यांची शंका आधी फेडा

डीएस१८बी२० ने अधूनमधून नेमके ८५ अंश दाखवले तर ते तापमान नाही. वीजपुरवठा सुरू झाल्यावर त्याच्या स्मृतीत असणारी ती प्रारंभिक किंमत आहे, आणि ती दिसते याचा अर्थ रूपांतर पूर्ण होण्याआधी वाचन झाले किंवा मध्येच वीज तुटून सेन्सर पुन्हा सुरू झाला. उणे १२७ हा आकडा प्रचलित लायब्ररी (सेन्सर वाचण्याचा तयार कोड) सेन्सर सापडला नाही हे सांगण्यासाठी देते. हे दोन्ही आकडे सरासरीत शिरले तर सगळी चाचणी वाया जाते, म्हणून ते कोडमध्येच वगळा, पण किती वेळा आले याची मोजणी ठेवा. वारंवार येत असतील तर ४.७ किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर (डेटाची तार वीजपुरवठ्याला जोडणारा रोध) आणि तारेची लांबी तपासा.

दुसरी शंका सेन्सरच्या स्वतःच्या उष्णतेची. रूपांतर करताना डीएस१८बी२० सुमारे एक मिलिअँपिअर प्रवाह घेतो. तो क्षणभरच घेत असेल तर काही बिघडत नाही, पण एकामागून एक अखंड वाचने घेतली की स्थिर हवेत सेन्सर किंचित तापतो. हे पडताळणे सोपे आहे: अर्धा तास दर सेकंदाला वाचने घ्या, मग अर्धा तास दर ३० सेकंदांनी घ्या, आणि दोन्ही सरासरींची तुलना करा. फरक दिसला तर अचूकतेची चाचणी संथ गतीनेच करा. बोर्डावरचा वायफाय मॉड्यूल, रेग्युलेटर आणि एलईडी यांपासून सेन्सर तारेने दूर न्या. एसएचटी३१ किंवा बीएमई२८० च्या तयार मॉड्यूलवर रेग्युलेटर त्याच छोट्या पट्टीवर असतो, तिथे हा परिणाम टाळता येत नाही, फक्त मोजता येतो.

एकाहून अधिक सेन्सर एकाच तारेवर असतील तर त्यांना 'पहिला', 'दुसरा' असे ओळखू नका. डीएस१८बी२० च्या प्रत्येक नगात ६४ बिटांचा स्वतंत्र क्रमांक कोरलेला असतो. तो वाचून सेन्सरच्या तारेवर चिठ्ठी लावा. एक नवीन सेन्सर जोडल्यावर शोधाचा क्रम बदलला आणि मी एका सेन्सरची दुरुस्ती दुसऱ्याला लावून तीन आठवड्यांच्या नोंदी खराब केल्या होत्या. त्या नोंदी परत मिळवता आल्या नाहीत.

५. बर्फ आणि पाण्याची चाचणी

कोणत्याही प्रमाणपत्राशिवाय घरी मिळणारा सर्वांत भरवशाचा संदर्भ म्हणजे शुद्ध पाणी आणि शुद्ध बर्फ यांचे मिश्रण. सामान्य दाबाला ते शून्य अंशावर राहते, आणि काळजी घेतली तर ०.०१ अंशाच्या आसपास भरवसा ठेवता येतो. एवढी खात्री देणारे दुसरे साधन इतक्या सहज मिळत नाही, म्हणून ही पायरी घाईने करू नये.

बर्फ बारीक फोडून थर्मॉस काठोकाठ भरा आणि मग आधीच थंड केलेले डिस्टिल्ड पाणी फटी भरतील एवढेच ओता. मिश्रण दाट हवे. पाण्यात तरंगणारे चार खडे म्हणजे बर्फ-पाण्याची चाचणी नव्हे. पाण्याची घनता ४ अंशांच्या जवळ सर्वांत जास्त असते, म्हणून बर्फ वर तरंगत असेल तर तळाशी ४ अंशांपर्यंतचे पाणी शांतपणे साचून राहू शकते, आणि प्रोबचे (सेन्सर बसवलेल्या नळीचे) टोक नेमके तिथेच असते. बहुतेक लोकांना 'माझा सेन्सर शून्याला दोन अंश दाखवतो' हा अनुभव यामुळे येतो. बर्फ तळापर्यंत ठासलेला असावा आणि वितळून तळाशी पाणी साठू लागले की ते काढून वर नवा बर्फ घालावा.

उलट दिशेची चूकही होते. फ्रीझरमधून नुकताच काढलेला बर्फ उणे १८ अंशांच्या आसपास असतो. कोरडा, पांढुरका, एकमेकांना चिकटणारा बर्फ अजून शून्याला आलेला नाही असे समजा. पाणी ओतून पंधरा-वीस मिनिटे थांबल्यावर तो ओला, अर्धपारदर्शक आणि करड्या झाकेचा दिसू लागतो. तेव्हा मिश्रण तयार झाले.

पाण्याची शुद्धता महत्त्वाची आहे. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम मीठ असले तर गोठणबिंदू सुमारे ०.०६ अंशाने खाली जातो. ±०.५ अंशाच्या सेन्सरसाठी स्वच्छ पिण्याचे पाणीही चालेल, पण टीएमपी११७ सारख्या सेन्सरसाठी डिस्टिल्ड पाण्याला पर्याय नाही. बर्फ हाताळताना हात धुतलेले असावेत, कारण हाताचा घामही मीठच आहे.

आता प्रोब बुडवा. पोलादी नळीतला प्रोब केवळ टोकापुरता बुडवला तर नळी आणि तार बाहेरची उष्णता आत आणतात आणि आकडा वर सरकतो. नळीच्या व्यासाच्या किमान दहा ते पंधरा पट खोली द्या. ६ मिलिमीटरच्या नळीला ६ ते ९ सेंटिमीटर. नळी त्याहून आखूड असेल तर तारेचा भागही मिश्रणात जाऊ द्या. बुडवण्याची खोली पुरेशी आहे का हे पाहण्यासाठी प्रोब दोन सेंटिमीटर वर उचला आणि पाच मिनिटे थांबा: आकडा बदलला नाही तर खोली पुरेशी होती. टोक थर्मॉसच्या भिंतीला टेकू देऊ नका आणि मधून मधून प्रोबनेच हळुवार ढवळा.

आकडा स्थिर झाल्यावर आणखी पाच मिनिटे थांबा, आणि मग दहा मिनिटे दर दहा सेकंदांनी नोंद घ्या. त्या साठ वाचनांची सरासरी म्हणजे शून्य अंशावरील तुमच्या सेन्सरची चूक. एक सूक्ष्म बाब: मिश्रण इतके स्थिर असते की साठही वाचने एकाच पायरीवर अडकलेली दिसू शकतात. तेव्हा सरासरीने काही सुधारत नाही, आणि डीएस१८बी२० साठी अर्ध्या पायरीची, म्हणजे सुमारे ±०.०३ अंशाची अनिश्चितता तशीच धरावी लागते.

जे सेन्सर पाण्यात बुडवता येत नाहीत, उदाहरणार्थ एसएचटी३१, बीएमई२८० आणि डीएचटी२२, त्यांना पातळ पिशवीत घालून हवा पिळून काढा किंवा कोरड्या परीक्षानळीत ठेवून नळीचे तोंड कापसाने बंद करा. यात सेन्सर आणि बर्फ यांच्यामध्ये हवेचा थर राहतो, म्हणून स्थिर व्हायला अर्धा तास किंवा अधिक लागतो. बाहेर काढताना पिशवी लगेच उघडू नका. थंड सेन्सरवर बाष्प जमून आर्द्रतेचा भाग बिघडू शकतो. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

६. दुसरा बिंदू निवडा, आणि उकळत्या पाण्याविषयी सावध राहा

बर्फानंतर सगळ्यांना उकळते पाणी आठवते. माझे स्पष्ट मत आहे की तुमचा उपयोग ८० अंशांच्या वर नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. पाणी १०० अंशांना उकळते हे अर्धे सत्य आहे. १०१३.२५ हेक्टोपास्कल दाबाला ते ९९.९७ अंशांना उकळते आणि दाब एक हेक्टोपास्कलने कमी झाला की उत्कलनबिंदू सुमारे ०.०२८ अंशाने उतरतो. समुद्रसपाटीपासून ५०० मीटर उंचीवर दाब ९५५ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो आणि तिथे पाणी ९८.३ अंशांनाच उकळते.

इथला खरा सापळा असा की हवामानाच्या बातमीत दिलेला दाब समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला असतो. तो वापरला तर उंचीवर राहणाऱ्याच्या चाचणीत एक-दोन अंशांची चूक शिरते आणि तो ती सेन्सरच्या माथी मारतो. तुमच्या जागेवरचा प्रत्यक्ष दाब बॅरोमीटरने मोजा.

तरीही करायचेच असेल तर प्रोब पाण्यात नव्हे, पाण्याच्या वर वाफेत ठेवा. पाणी स्वतः उत्कलनबिंदूच्या थोडे वर तापू शकते, वाफेचे तापमान मात्र दाबाने ठरलेले असते. वाफेने भाजते, म्हणून प्रोब हाताने धरू नका, तो स्टँडला बांधा. स्वस्त प्रोबच्या तारेचे पीव्हीसी आवरण या तापमानाला मऊ पडते आणि टोकाच्या सीलमधून वाफ आत शिरते. असा प्रोब त्या दिवशी बरोबर आकडा दाखवतो आणि नंतर हळूहळू बिघडत जातो.

७. कोमट पाण्यात संदर्भाशी तुलना करा

बहुतेकांसाठी हीच योग्य दुसरी पायरी आहे. मोठ्या भांड्यात ४० ते ५० अंशांचे पाणी घ्या. संदर्भ तापमापक आणि सेन्सर रबरबँडने एकत्र बांधा, त्यांची टोके एका पातळीवर आणा आणि पाणी सतत ढवळत ठेवा. न ढवळलेल्या पाण्यात वरचा आणि खालचा थर यांत अंशभराचा फरक सहज असतो.

पाणी थंड होत असते आणि दोन्ही साधने आपापल्या गतीने मागे राहतात, म्हणून थोडे गणित करून घ्या. पाणी मिनिटाला ०.६ अंशाने उतरत असेल आणि सेन्सर संदर्भापेक्षा दहा सेकंद मागे असेल तर केवळ त्या विलंबामुळे ०.१ अंशाचा फरक दिसेल, जो अचूकतेचा दोष नाही. पाणी भरपूर असावे आणि भांडे गुंडाळलेले असावे ते यासाठी. नोंद घेताना क्रम असा ठेवा: संदर्भ, सेन्सर, पुन्हा संदर्भ. संदर्भाच्या दोन वाचनांची सरासरी सेन्सरच्या वाचनाशी ताडून पाहा, म्हणजे संथ उतार आपोआप वजा होतो.

प्रमाणपत्रावरची दुरुस्ती संदर्भाच्या आकड्याला लावायला विसरू नका.

८. दुरुस्तीचे सूत्र काढा

समजा बर्फात सेन्सरची सरासरी ०.३१ आली आणि संदर्भ ५०.०० असताना सेन्सरने ५०.१२ दाखवले. दोन बिंदूंमधले खरे अंतर ५०.०० आणि सेन्सरच्या मते ते ४९.८१ आहे. म्हणून गुणक ५०.०० भागिले ४९.८१, म्हणजे १.००३८. दुरुस्त तापमान काढण्यासाठी दाखवलेल्या आकड्यातून ०.३१ वजा करा आणि उत्तराला १.००३८ ने गुणा. सेन्सरने २५.०० दाखवले तर खरे तापमान २४.७८ येते.

सूत्र काढताना न वापरलेल्या तिसऱ्या तापमानाला, उदाहरणार्थ २५ अंशांच्या आसपास, पुन्हा संदर्भाशी तुलना करा. तिथे उरणारी चूक हीच तुमच्या दुरुस्तीची खरी परीक्षा आहे. ज्या बिंदूंवरून सूत्र काढले तिथे ते बरोबर बसणारच, त्यात सिद्ध काहीच होत नाही. उपयोगाचा पट्टा अरुंद असेल, जसे १५ ते ३५ अंश, तर गुणक सोडून नुसती वजाबाकीही बहुधा पुरते. तपासलेल्या बिंदूंच्या बाहेर सूत्र ताणू नका.

९. वेग: तीन विलंब वेगळे करा

सेन्सर 'संथ' आहे असे म्हणताना तीन वेगवेगळे विलंब एकत्र मोजले जातात. पहिला उष्णतेचा: प्रोबचे वस्तुमान तापायला किंवा निवायला लागणारा वेळ. दुसरा रूपांतराचा, जो डेटाशीटमध्ये दिलेला असतो. तिसरा तुमच्या कोडचा: वाचनांमधले अंतर, सरासरी, पडद्यावर येईपर्यंतचा वेळ. पोलादी नळीतल्या प्रोबमध्ये पहिला विलंब बहुतेक वेळा इतर दोहोंपेक्षा कितीतरी मोठा असतो, तरीही लोक रूपांतराचे मिलिसेकंद वाचवण्यासाठी झटतात.

तिसरा विलंब मात्र फुकट कमी करता येतो. दर सेकंदाच्या दहा वाचनांची चालती सरासरी घेतली की आकडा सुमारे साडेचार सेकंद मागे पडतो. काही सेन्सरमध्ये सरासरी किंवा फिल्टर आतच असतो. टीएमपी११७ आठ वाचनांच्या सरासरीला १२५ मिलिसेकंद आणि चौसष्ट वाचनांच्या सरासरीला एक सेकंद घेतो. चाचणीपूर्वी हे सगळे बंद करा. डीएचटी२२ कडून दोन सेकंदांपेक्षा लवकर नवे वाचन मिळत नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत दोन सेकंदांच्या आतला कोणताही वेग मोजताच येत नाही.

१०. वेगाची चाचणी घ्या

सेन्सर खोलीच्या तापमानाला स्थिर होऊ द्या, आणि ढवळत ठेवलेल्या गरम पाण्यात एकदम बुडवा. बुडवण्याचा क्षण नेमका नोंदवणे हा या चाचणीचा कणा आहे. दुसऱ्या हाताने बटण दाबून फाइलमध्ये खूण करता येते. मी स्वतः फोनने चित्रीकरण करतो, ज्यात पडद्यावरची वेळ आणि प्रोब दोन्ही दिसतात. सेकंदाला ३० चित्रे असली की खूण सुमारे ३३ मिलिसेकंदांपर्यंत पक्की होते.

वाचने पुरेशी दाट हवीत. बारा बिटांवर ७५० मिलिसेकंदांनी एक वाचन मिळते आणि पाच सेकंदांत सहा-सात बिंदूच हाती येतात. वेगाच्या चाचणीपुरता सेन्सर १० बिटांवर आणा: पायरी ०.२५ अंशाची होईल, पण तापमानाची उडी ३५ अंशांची असल्याने तेवढी पायरी खुपत नाही आणि बिंदू चौपट मिळतात. चाचणी झाल्यावर रिझोल्यूशन पूर्ववत करायला विसरू नका.

आता हिशेब. सुरुवात २५ अंश, पाणी ६० अंश, फरक ३५. या फरकाचा ६३.२ टक्के भाग २२.१ होतो, म्हणून आकडा ४७.१ ला पोहोचायला लागलेला वेळ हा टाइम कॉन्स्टंट. नव्वद टक्के म्हणजे ५६.५, तिथे पोहोचण्याचा वेळही काढा. साध्या, एकजिनसी प्रोबमध्ये दुसरा वेळ पहिल्याच्या २.३ पट असतो. गुणोत्तर त्याहून बरेच मोठे आले तर प्रोब असा साधा, एकजिनसी नाही असे समजा. गुणोत्तर लहान आले तर बुडवण्याची खूण लवकर लागली आहे किंवा कोडमधला ठरावीक विलंब दोन्ही वेळांत मिसळला आहे.

हीच चाचणी किमान पाच वेळा करा, आणि उलट दिशेनेही करा, गरम पाण्यातून थंड पाण्यात. गरम पाण्यातून थेट हवेत काढून वेग मोजू नका, कारण ओल्या प्रोबवरचे पाणी उडून जाताना तो हवेच्याही खाली थंड होतो आणि आलेखाला विचित्र खड्डा पडतो. हवेतला वेग हवा असेल तर प्रोब कोरडा ठेवून गरम करा आणि पंख्याच्या ठरावीक झोतात आणा. ढवळलेल्या पाण्यात काही सेकंदांत स्थिरावणारा प्रोब स्थिर हवेत काही मिनिटे घेतो, कारण हवा त्याच्या पृष्ठभागावरून फार कमी उष्णता वाहून नेते. म्हणून माध्यमाचा उल्लेख नसलेला वेगाचा आकडा निरर्थक आहे, मग तो डेटाशीटमधला असो वा तुमचा.

पाच टाइम कॉन्स्टंट उलटल्यावर सेन्सर उडीच्या ९९.३ टक्क्यांपर्यंत पोहोचतो. ३५ अंशांच्या उडीत तरीही सुमारे पाव अंश बाकी असतो. अचूकतेच्या चाचणीत किती थांबायचे, याचे उत्तर या आकड्यातून मिळते.

११. नोंद अशी ठेवा की सहा महिन्यांनी कळेल

फाइलमध्ये आकडे असतात, परिस्थिती नसते. वहीत प्रत्येक चाचणीसोबत तारीख, सेन्सरचा क्रमांक, बिटांची संख्या, वाचनांमधले अंतर, माध्यम, ढवळण्याची पद्धत, बुडवण्याची खोली, संदर्भाचे नाव व त्याची दुरुस्ती, आणि बर्फ किती वेळ ठेवला होता हे लिहा. निकालासोबत अनिश्चितता लिहा, नुसती चूक नको: 'शून्य अंशाला अधिक ०.३१, अनिश्चितता सुमारे ०.०५' ही नोंद उपयोगी आहे, 'ठीक आहे' ही नाही.

सेन्सर उकळत्या तापमानाला गेला, पडला, त्याची तार ओढली गेली किंवा नळीत पाणी शिरल्याची शंका आली तर बर्फाची चाचणी लगेच पुन्हा घ्या. एरवी वर्षातून एकदा पुरते. आकडा जुन्या नोंदीपेक्षा अनिश्चिततेच्या बाहेर सरकलेला दिसला, तर दुरुस्तीचे सूत्र बदलण्याआधी बर्फ नव्याने फोडून चाचणी एकदा परत करा. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक वेळा सरकलेला असतो तो बर्फ.